वाचनकट्ट्यावर फँटसी मालिका: आधी पडाव ठरवा, मग तारखा

वाचनकट्ट्यावर एखादी फँटसी मालिका वाचायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिल्याच बैठकीत "दर महिन्याला एक भाग" असा निर्णय होऊन जातो, आणि पुढे जे बिघडते त्याचे मूळ त्या निर्णयातच असते. पहिला भाग बहुतेक जण वाचतात, दुसऱ्या भागाला निम्मे येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या भागाच्या बैठकीत वाचून आलेले दोघे-तिघे बोलत राहतात व बाकीचे चहाची वाट पाहतात. सुट्या कादंबऱ्या वाचताना एखादा महिना चुकला तरी पुढच्या महिन्यात नव्या पुस्तकापाशी सामील होता येते. मालिकेत मात्र एक भाग राहिला की पुढच्या सगळ्या भागांचे दार बंद होते. म्हणून मालिकेचे वेळापत्रक करण्याची रीत वेगळी असते आणि तिच्यात क्रम सांभाळावा लागतो: मोजणी, प्रती, वेग, पडाव (एका बैठकीसाठी जिथपर्यंत वाचून थांबायचे ती जागा) आणि त्यानंतरच तारखा. पुढील टप्पे नाशिकमधील दहा-पंधरा जणांचा कट्टा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत.

## १. मालिकेची मोजणी करा

मालिका कोणती घ्यायची यावर मत देण्याआधी ती केवढी आहे हे कागदावर उतरवावे. भाग किती, प्रत्येक भागात प्रकरणे किती, पाने किती, आणि मालिका पूर्ण झाली आहे का, ही चार उत्तरे हाती नसतील तर चर्चा केवळ आवडीनिवडीवर चालते.

भाग सारख्या आकाराचे असतात हा समज सर्वांत महागात पडतो. हॅरी पॉटरचे उदाहरण घ्या. पहिल्या भागात १७ प्रकरणे आहेत आणि तिसऱ्यात २२, पण चौथ्यात एकदम ३७ आणि पाचव्यात ३८. मूळ इंग्रजी ब्रिटिश आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा आणि पाचवा ७६६ पानांचा आहे. "महिन्याला एक" हा नियम पहिल्या तीन भागांत कसाबसा निभावला तरी चौथ्यापाशी कट्टा फुटणार, हे अनुक्रमणिका पाहूनच सांगता येते.

मालिका अपूर्ण असेल तर ती घेऊच नये असे नाही, पण ते सर्वांना आधी ठाऊक असावे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या गाजलेल्या मालिकेचा पहिला भाग १९९६ मध्ये आला आणि पाचवा २०११ मध्ये. त्यानंतर दहा वर्षे उलटूनही सहावा आलेला नव्हता. अशी मालिका घेताना कोणत्या भागाअखेर थांबायचे हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे.

वाचनाच्या क्रमावरही बरीच वादावादी होते. नार्निया मालिकेत सात भाग आहेत. कथेतील काळानुसार जो भाग पहिला ठरतो तो प्रत्यक्षात सहावा म्हणून १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, तर पहिला प्रसिद्ध झालेला भाग १९५० चा आहे. नव्या संचांवर बहुधा कथाकाळाचा क्रम छापलेला असतो, त्यामुळे एकाच कट्ट्यावर दोघे दोन वेगळी पुस्तके "पहिला भाग" म्हणून वाचून येतात. माझ्या मते पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी प्रकाशनाचा क्रमच धरावा, कारण लेखकाने माहिती कोणत्या क्रमाने उघडायची ठरवली होती तो क्रम त्यातच राहतो.

पडताळणी: भाग, प्रकरणे, पाने आणि क्रम यांचा तक्ता तयार आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## २. प्रती कुठून येणार ते पाहा

या टप्प्याकडे दुर्लक्ष होते, कारण पहिला भाग सगळीकडे मिळतो. अडचण तिसऱ्या भागाची असते. मालिकेचे मधले भाग दुकानात एकेकटे सापडत नाहीत, आणि काही मालिकांचे मराठी अनुवाद एक-दोन भागांनंतर थांबलेले असतात. म्हणून चौकशी पहिल्या भागाची न करता मधल्या आणि शेवटच्या भागाची करावी.

१८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजेच 'सावाना', शहरात आहे, त्यामुळे "सावानातून आणू" हे वाक्य कट्ट्यावर सहज निघते. परंतु वाचनालयात एखाद्या भागाच्या एक-दोनच प्रती असणार आणि त्या इतर सभासदांनाही लागणार. बारा जणांचा कट्टा तेवढ्यावर चालणार नाही. त्यापेक्षा पुस्तक भिशीची पद्धत चांगली चालते. दरमहा ठरावीक रक्कम जमवावी, त्यातून चालू भागाच्या तीन-चार प्रती घ्याव्यात, आणि एकाच परिसरात राहणाऱ्यांचे गट करून एकेक प्रत एकेका गटाला द्यावी. इंदिरानगरचे तिघे एक प्रत, पंचवटीचे तिघे एक प्रत, असे असले की पुस्तक हातोहात फिरते. नाशिकरोडच्या सभासदाने गंगापूर रोडला जाऊन प्रत आणावी अशी व्यवस्था असेल, तर ती प्रत आठवडाभर कपाटात पडून राहते.

मराठी, इंग्रजी, मोबाइलवरची आणि श्राव्य अशा सर्व आवृत्त्या कट्ट्यावर एकत्र येणार हे गृहीत धरावे. त्यामुळे वेळापत्रकात पान क्रमांक कधीही लिहू नये, प्रकरणाचा क्रमांक लिहावा. अनुवादात प्रकरणांची विभागणी बदलली आहे का, हे दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून एकदा पाहून घ्यावे.

सावधान: पहिल्या भागाच्या प्रती निम्म्याहून अधिक सभासदांच्या हातात पडेपर्यंत पहिल्या बैठकीची तारीख जाहीर करू नये. कुरिअरने येणाऱ्या पुस्तकावर तारीख बांधली की बैठक पुढे ढकलावी लागते, आणि एकदा ढकललेली बैठक दुसऱ्यांदा ढकलणे फार सोपे जाते.

## ३. खरा वेग मोजा

"तुम्ही किती वाचता?" असे विचारले की प्रत्येक जण आपल्या सर्वांत चांगल्या आठवड्याचा आकडा सांगतो. त्याऐवजी निवडलेल्या मालिकेतील पहिली दोन-तीन प्रकरणे सर्वांना द्यावीत आणि नेहमीच्या धावपळीच्या एका आठवड्यात किती पाने झाली हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. चिठ्ठीवर नाव नको. भर बैठकीत विचारले तर कमी वाचणारा माणूस आकडा वाढवून सांगतो आणि त्या खोट्या आकड्यावर वर्षभराचे वेळापत्रक उभे राहते. तासाला किती पाने होतात हे मोजून उपयोग नाही. आठवड्याला किती होतात तेच कामाचे.

चिठ्ठ्या उतरत्या क्रमाने लावाव्यात. सरासरी काढू नये, कारण रोज शंभर पाने वाचणारे दोघे ती फुगवतात. शेवटच्या एक-तृतीयांश चिठ्ठ्यांमधील सर्वांत मोठा आकडा घ्यावा; तोच कट्ट्याचा वेग. नोकरी आणि घर सांभाळून इंग्रजीतून वाचणाऱ्यांचा हा आकडा आठवड्याला ४० पानांच्या आसपास आला तर नवल वाटायला नको. या वेगाने हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या २२३ पानांना साडेपाच आठवडे आणि पाचव्याच्या ७६६ पानांना एकोणीस आठवडे लागतात. म्हणजे "महिन्याला एक भाग" हा नियम पहिल्या भागालाही लागू पडत नव्हता.

शिवाय चारपैकी एक आठवडा घरातले लग्न, आजारपण किंवा परीक्षा यांत जाणारच. चार आठवड्यांच्या अंतरात वाचनाचे तीनच आठवडे धरावेत. ४० च्या वेगाने एका बैठकीसाठी सुमारे १२० पाने होतात. मालिकेच्या सुरुवातीला नावे आणि ठिकाणे नवी असल्याने वेग आणखी कमी असतो, तर शेवटच्या भागात तो आपोआप वाढतो, हेही लक्षात ठेवावे.

## ४. पडाव ठरवा

संपूर्ण कामातला हा सर्वांत नाजूक टप्पा आहे आणि नेमका हाच बहुतेक कट्टे वगळतात. एकूण पानांना बैठकींच्या संख्येने भागले की काम झाले असे त्यांना वाटते. त्या भागाकारातून जी सीमा येते ती एखाद्या लढाईच्या मध्यावर किंवा एखाद्या संभाषणाच्या आधी दोन पानांवर पडते, आणि तिथे थांबण्याचा संयम कोणातही नसतो.

पडाव निवडताना एकच कसोटी लावावी: पेच पडण्यापूर्वी थांबू नये, पेच सुटल्यावर किंवा मोठी घटना घडून गेल्यावर थांबावे. उत्कंठेच्या जागी थांबले तर सभासद पुढच्या बैठकीला हमखास येतील, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मला तो पटत नाही. उत्कंठेच्या जागी थांबवलेले वाचक त्याच रात्री पुढे वाचतात, बैठकीत आपल्याला काही ठाऊक नसल्याचा आव आणतात, आणि अर्ध्या तासात कोणाच्या तरी तोंडून पुढचे फुटते. घटना घडून गेल्यावर थांबले तर बोलायला विषय असतो आणि पुढे पळण्याची घाईही नसते.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर हे करून पाहू. ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन पुस्तकांत प्रसिद्ध झाली, पण तिची आतील रचना सहा खंडांची आहे. खंडांत अनुक्रमे १२, १०, ११, १०, १० आणि ९ अशी एकूण ६२ प्रकरणे आहेत. एका पुस्तकाच्या आवृत्तीत परिशिष्टे सोडून सुमारे हजार पाने होतात. १२० पानांच्या हिशेबाने नऊ पडाव पुरतात, आणि ते असे घालता येतात:

- पहिला: खंड १, प्रकरणे १ ते ५
- दुसरा: खंड १, प्रकरणे ६ ते १२
- तिसरा: खंड २, प्रकरणे १ ते ५
- चौथा: खंड २, प्रकरणे ६ ते १०
- पाचवा: खंड ३, प्रकरणे १ ते ६
- सहावा: खंड ३, प्रकरणे ७ ते ११
- सातवा: खंड ४ पूर्ण
- आठवा: खंड ५ पूर्ण
- नववा: खंड ६ पूर्ण

यात काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिला पडाव पानांच्या दृष्टीने लहान ठेवला आहे, कारण नावांची ओळख होईपर्यंत वाचक अडखळतो. आरंभीची प्रस्तावना त्यात धरलेली नाही. हॉबिट लोकांच्या चालीरीतींवरचा तो मजकूर वाचता वाचताच बरेच जण पुस्तक खाली ठेवतात, म्हणून तो ऐच्छिक असल्याचे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. दुसऱ्या खंडाचे दुसरे प्रकरण ही एक लांबलचक सभा आहे. ते जड जाईल अशी पूर्वसूचना दिली तर माणसे टिकतात. ती न दिल्यास प्रत्येकाला वाटते की आपल्यालाच कळत नाही. तिसरा पडाव त्याच खंडाच्या पाचव्या प्रकरणानंतर टाकला आहे, कारण तिथे एक मोठी घटना घडून जाते.

तिसरा आणि चौथा खंड वेगवेगळ्या पात्रांच्या मागे जातात. त्यांची प्रकरणे आलटून पालटून वाचण्याची कल्पना कोणीतरी मांडेलच, ती टाळावी. आणि चौथ्या खंडाच्या शेवटी वाचक जिथे सोडला जातो, तिथला पेच पाचव्या खंडात सुटत नाही, तो सहाव्यात जाऊन सुटतो. इथे वरची कसोटी पाळताच येत नाही, म्हणून आठव्या आणि नवव्या पडावातील अंतर इतरांपेक्षा कमी ठेवावे. तोवर वाचकांचा वेग वाढलेला असल्याने ते जमते.

अर्थात असे पडाव घालायला मालिका आधी वाचलेला कोणीतरी हवा. तसे कोणी नसेल तर एका सभासदाने वाटाड्या व्हावे आणि निदान एक भाग पुढे वाचून ठेवावा. वाटाड्याने बैठकीत पुढच्या घटनांविषयी अवाक्षर काढायचे नाही. "पुढे गंमत आहे" एवढेही नाही, आणि एखाद्याचा तर्क बरोबर निघाल्यावर सूचक हसायचेही नाही.

पडताळणी: प्रत्येक पडावाच्या शेवटच्या पानावरून पुढचे पान न उलटता थांबता येईल का? वाटाड्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

## ५. आता तारखा घाला

बैठकींत चार आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडले की पात्रांची नावे विसरायला होतात, आणि दोन आठवड्यांपेक्षा कमी ठेवले की वाचन हे कामासारखे वाटू लागते. या दोहोंच्या मध्ये तीन आठवडे बरे असे वरवर वाटते, पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणारे सभासद असतील तर थोडे थांबून विचार करावा. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते आणि तीन पाळ्या फिरतात, त्यांच्यासाठी दर तिसऱ्या आठवड्याची बैठक नेहमी त्याच पाळीत येते. एखाद्याची पहिली बैठक सेकंड शिफ्टमध्ये पडली की पुढची प्रत्येक बैठक सेकंड शिफ्टमध्येच पडणार, आणि तो माणूस एकदाही येऊ शकणार नाही. दोन किंवा चार आठवड्यांच्या अंतराने पाळी फिरत राहते व तीनपैकी किमान एक-दोन बैठका त्याला साधतात. साप्ताहिक सुट्टी कोणाची कोणत्या वारी असते हेही आधीच विचारून घ्यावे. सर्वांचा रविवार मोकळा असतो ही समजूत खरी नाही.

वार ठरवताना "महिन्याचा दुसरा रविवार" असे ठरवावे, कारण ते लक्षात राहते. काही महिन्यांत त्यामुळे पाच आठवड्यांचे अंतर पडते. तिथे मोठा पडाव घालावा.

त्यानंतर दिनदर्शिका पुढ्यात घेऊन अडचणीचे आठवडे खोडून टाकावेत. दिवाळी आणि गणेशोत्सव कोणी विसरत नाही, बाकीचे विसरले जाते. निफाड, दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार कट्ट्यावर असतील तर ऑक्टोबर छाटणीत आणि जानेवारीपासून काढणी सुरू झाल्यावर त्यांच्याकडून मोठ्या पडावाची अपेक्षा ठेवू नये. दहावी-बारावीला शिकवणारे शिक्षक आणि त्या वर्गातल्या मुलांचे पालक फेब्रुवारी-मार्चमध्ये अडकलेले असतात. २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जयंतीच्या, सुमारास शहरात भाषादिनाचे इतके कार्यक्रम असतात की साहित्यप्रेमी सभासद नेमके तेव्हाच दुसरीकडे असतात. रंगपंचमीला रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात त्या दिवशी जुन्या नाशकात बैठक घेण्याचा विचारही करू नये. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या काळात पंचवटीकडे जाणे-येणे अवघड होणार, म्हणून तेव्हाच्या बैठका गोदावरीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या घ्याव्यात किंवा फोनवरून घ्याव्यात.

वरच्या उदाहरणातील नऊ पडाव जूनच्या मध्यात वाचायला घेतले तर जुलै ते जानेवारी दुसऱ्या रविवारी सात बैठका होतात. आठवी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आणि नववी तीन आठवड्यांनी, मार्चच्या पहिल्या रविवारी घ्यावी. दिवाळीच्या महिन्यात चौथा किंवा पाचवा पडाव येतो; दिवाळी आणि दुसरा रविवार एकत्र आले तर ती बैठक एक आठवडा पुढे न्यावी, पण हे वेळापत्रकात जूनमध्येच लिहिलेले असावे.

जागेबद्दल थोडक्यात: रविवारी सकाळी मिसळ खायला जमून तिथेच चर्चा करू, हा नाशिककरांचा लाडका बेत आहे. मिसळ होते, चर्चा होत नाही. आधी चर्चा आणि नंतर मिसळ असा क्रम लावावा.

## ६. वेळापत्रक लिहून काढा

प्रत्येक ओळीत तारीख, जागा, खंड व प्रकरणांचे क्रमांक, शेवटच्या प्रकरणाचे नाव, चर्चा चालवणारा आणि पुढच्या भागाच्या प्रती कोणाकडे आहेत, एवढे असावे. हा कागद व्हॉट्सॲपवर पाठवून पुरत नाही. शुभेच्छांच्या खाली तो दोन दिवसांत गाडला जातो. छापून प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठाच्या आत चिकटवावा. पडावाच्या पानावर कागदाची चिठ्ठीही लावून ठेवावी, म्हणजे वाचणारा ओघात पुढे जात नाही.

## ७. मागे पडलेले आणि पुढे गेलेले

मागे पडलेल्यांसाठी बैठक पुढे ढकलू नये. त्याऐवजी बैठकीचे दोन भाग करावेत: पहिला अर्धा तास मागच्या पडावापर्यंतची चर्चा, मग चहा, आणि चहानंतर चालू पडाव. मागे राहिलेला सभासद पहिल्या भागाला येतो, बोलतो, आणि हवे तर चहानंतर निघून जातो. चर्चा चालवणाऱ्याने प्रत्येक पडावानंतर एक पानाचा गोषवारा लिहावा आणि त्यात पात्रांची नावे मराठी व इंग्रजी आवृत्तीत कशी येतात हे शेजारी शेजारी द्यावे. दोन भाषांतून वाचणारे एकाच पात्राबद्दल बोलत असूनही एकमेकांना समजत नाहीत, हे कट्ट्यावर वारंवार घडते.

पुढे गेलेल्यांसाठी व्हॉट्सॲपवर वेगळा गट करून द्यावा. मुख्य गटात चालू पडावापलीकडचे काहीही नको. त्यात सिनेमातील चित्रे आणि विनोदही आले. "सिनेमात तर असं दाखवलंय" हे वाक्य बैठकीत सर्वांत जास्त नुकसान करते, कारण पडद्यावर घटनांचा क्रम बदललेला असतो आणि बोलणाऱ्याला आपण पुढचे फोडतो आहोत याची कल्पनाही नसते.

सावधान: लागोपाठ दोन बैठकांना निम्म्याहून कमी लोक पडावापर्यंत पोहोचले तर दोष लोकांचा नसून पडावाचा आहे. पुढचे पडाव लहान करावेत आणि शेवटची तारीख पुढे न्यावी.

## ८. पहिल्या भागानंतर मतदान

पूर्ण मालिका वाचण्याचा ठराव पहिल्या दिवशी कधीही करू नये. बांधिलकी फक्त पहिल्या भागापुरती घ्यावी आणि पहिल्याच दिवशी सांगावे की त्यानंतर मत घेतले जाईल. मत नाव न लिहिता चिठ्ठीवर घ्यावे, कारण मालिका सुचवणारा सभासद समोर बसलेला असताना "मला नको" असे कोणी हात वर करून म्हणत नाही. चिठ्ठीवर तीन पर्याय असावेत: पुढचा भाग लगेच, मध्ये एक लहान सुटे पुस्तक वाचून मग पुढचा भाग, किंवा इथेच थांबणे. दुसरा पर्याय जिंकला तर ते सुटे पुस्तक दोनशे पानांच्या आतले असावे आणि एकाच बैठकीत संपावे. थांबण्याच्या बाजूने निम्म्याहून अधिक मते पडली तर कट्ट्याने थांबावे. ज्यांना पुढे वाचायचे आहे त्यांनी त्याच प्रती घेऊन वेगळ्या वारी बसावे. दुसऱ्या भागाची चौकशी मतदानाआधी करून ठेवावी, पैसे मात्र मतमोजणीनंतरच भरावेत.